समुद्री गवत शिकायचंय? आधी वाळूत बोटं घाला

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून मी सागरी जीवशास्त्राकडे वळले. पहिलं फील्डवर्क मिळालं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागरात. काम समुद्री गवताच्या मोजणीचं. पहिल्याच दिवशी चुकले. कॉलर्पा नावाचं हिरवं शैवाल वाळूवर गवतासारखंच सरपटत जातं. मी ते गवत म्हणून लिहून ठेवलं आणि संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी बाद झाल्या.

तेव्हापासून नव्यांना एकच सांगते, नुसत्या पानावर जाऊ नका. समुद्री गवताला खरी मुळं असतात, वाळूखालून धावणारं आडवं खोड असतं, पानांत शिरा असतात. फुलंसुद्धा पाण्यातच येतात आणि परागकण पाणी वाहून नेतं. शैवालात यातलं काही नाही. त्यामुळे वनस्पतिशास्त्रवाल्यांनी इकडे यायला बिचकू नये.

मोजणी तशी सोपी: ५० मीटरची दोरी, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची, आतलं गवत किती टक्के ते लिहायचं. पाणी गढुळलं की मात्र बोटंच डोळे होतात. गवताच्या जाती स्पर्शावरून ओळखायच्या: सिरिंगोडियमचं पान शेवईसारखं गोल लागतं. सायमोडोसिया सेरुलाटाचं पट्टीसारखं चपटं, टोकाला बारीक दाते. हॅलोफिला ओव्हॅलिस म्हणजे देठ असलेला इवलासा चमचा.

पान तुटलं तर पुन्हा फुटतं. पण ट्रॉलरच्या जाळ्याने आडवं खोडच उपटलं की वाळू सुटते, पाणी गढूळ होतं, उजेड अडतो आणि शेजारचं गवतही खंगतं. कोळंबीच्या, माशांच्या पिल्लांचा आडोसा जातो. मुळांखालच्या गाळात साठलेला कार्बनही मोकळा होऊ लागतो.

ड्युगाँग हा समुद्री सस्तन प्राणी दिसेल या आशेवर या क्षेत्रात येऊ नका. तो प्रामुख्याने याच गवतावर जगतो आणि त्याच्यासाठी २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. मला मात्र तो कधीच दिसला नाही. दिसली ती गवतातून नागमोडी गेलेली उघडी वाट. आमच्या नावाड्याने बोट दाखवून सांगितलं, ‘कडल पसु’. समुद्रातली गाय इथे चरून गेली होती.

आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतही हॅलोफिला बेक्कारी आहे, जगभरात धोक्यात आलेली जात. ती शोधायची तर उधाणाची सुकती गाठा. मला ती खारफुटीच्या कडेला, वीतभर चिखलात सापडली. ओणवी झाले नसते तर तिच्यावरच पाय पडला असता.