सांगलीत वस्तीच्या नूतनीकरणाचा टिकाऊपणा तपासताना या चुका टाळा

चौक, बाजारपेठ किंवा जुनी वस्ती नव्याने करायची म्हटली की अहवालात झाडे, सौरदिवे, रुंद फुटपाथ यांना भरपूर गुण मिळतात. पुराची पातळी मात्र कुठेतरी परिशिष्टात पडून असते. सांगलीत तपासणीची सुरुवातच तिथून करायला हवी.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे फूट पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे. सर्व्हेच्या नकाशात उंची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. दोन्ही आकडे थेट जुळवले की सगळा हिशेब चुकतो. आधी पाटबंधारे खात्याकडून मोजपट्टीच्या शून्याची उंची घ्या, मग रस्त्याची, नाल्याच्या तोंडाची आणि प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी एकाच मापात मांडा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फक्त निळी पाहून थांबू नका.

दुसरी चूक नाल्याच्या तोंडाशी होते. गटार कितीही मोठे बांधा, नदी चढली की तोंड बुडते आणि नदीचे पाणी उलटे वस्तीत शिरते. एकतर्फी झडप बसवली तर नदी अडते, पण वस्तीवर पडलेला पाऊसही आतच कोंडतो. म्हणून झडपेबरोबर पंप लागतोच. पंपाचे पॅनेल आणि जनरेटर लाल रेषेच्या वर हवेत, नाहीतर नेमक्या त्या दिवशी तेच बुडतात.

पंपाची क्षमता अंदाजाने लिहू नका. एक हेक्टरवर तासाला २५ मिमी पाऊस म्हणजे २५० घनमीटर पाणी. मोकळ्या, कोरड्या जमिनीवरून त्यातले साधारण ३० टक्के वाहते, सिमेंटवरून ९० टक्के. म्हणजे ७५ च्या जागी २२५ घनमीटर.

जुना रस्ता न खरवडता त्यावर नवा थर टाकणे, हेही नेहमीचेच. २० सेंटीमीटरनी रस्ता चढतो, जोती खाली जातात आणि गल्लीतले पाणी उंबऱ्याआत येते.

शोषखड्ड्यांचे गुण देतानाही जपून. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात माती फुगते आणि पाणी मुरत नाही. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत घेतलेली चाचणी छान दिसते. ती ऑगस्टमध्ये घ्या: खड्डा भरा, दर अर्ध्या तासाने पातळी मोजा. पाणी जागचे हलत नसेल तर शोषखड्डा आराखड्यातून काढा आणि तेवढे पाणी पंपाच्या हिशेबात धरा.