मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे आठ-दहा पोरं गणित आणि थोडं कोडिंग शिकायला येतात. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी बाहेर खेळायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे कूलरसमोर बसून संख्या फोडणं चालतं. चुका दरवर्षी त्याच.

सुरुवात पिनकोडपासून. ४४००१७ मूळ आहे का? शेवटी ७, अंकांची बेरीज १६, म्हणजे २, ३, ५ बाद. मग ७, ११, १३, १७, १९, २३, सगळीकडे बाकी उरते. इथं पेन खाली. "सर, मूळच आहे." अजून एकच भागाकार केला असता तर २९ × १५१७३ सापडलं असतं. कुठवर भागायचं हे कंटाळ्यावर नाही, वर्गमूळावर ठरतं. "काहून पण?" कारण संख्या दोन गुणकांत फुटली, तर दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. ४४००१७ चं वर्गमूळ ६६३ च्या जरा पुढे, म्हणजे ६६१ पर्यंतच्या १२१ मूळ संख्या तपासायच्या. तिथवर भाग गेला नाही तरच 'मूळ' म्हणा.

दुसरी चूक सूत्राच्या प्रेमातली. घातांक मूळ संख्या असेल, तर २ चा तो घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्याच मिळते, असं वाटतं. ११ वा घात घ्या: २०४७ = २३ × ८९. ६७ व्या घाताचंही तेच. त्याचे गुणक कोल या गणितज्ञानं १९०३ मध्ये दाखवले.

तिसरी स्प्रेडशीटची. २ चा ६१ वा घात वजा १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ही मूळ आहे. एका मुलीनं ती स्प्रेडशीटमध्ये भरली आणि दहानं भाग जातो असं ठणकावून सांगितलं. पडद्यावर खरंच शेवटी ६९०००० होतं. पंधरा अंकांपुढचं सगळं शून्य झालेलं! इतक्या मोठ्या संख्येसाठी पायथन वापरा. मात्र तिथंही बाकी % नं काढा, / नं भागून दशांश बघत बसू नका.

फर्माची कसोटी (n मूळ असेल, तर कुठलाही पाया a घ्या, a चा n वा घात वजा a याला n नं भाग जातोच) एकाच पायावर लावून मोकळं होणं ही चौथी. ३४१ पाया २ वर पास होते, पण ती ११ × ३१ आहे. मिलर-राबिन ही त्याहून कडक कसोटी वापरा, २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले तर तीन अब्जांपर्यंत ती चुकत नाही.

आता माझी आवडती. २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ असल्याचं ऑयलर या गणितज्ञानं १७७२ मध्ये हातानं भागाकार करून सिद्ध केलं. आमच्या एका पोराच्या जावा प्रोग्रॅमनं मात्र लॅपटॉपचा पंखा घुमवत बराच वेळ घेतला आणि उत्तर दिलं: मूळ नाही. लूपची अट होती i*i <= n, आणि i हा int, म्हणजे जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावेल असा जावातला पूर्णांक. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. तो int मध्ये मावत नाही, उलटून ऋण होतो. ऋण संख्या n पेक्षा लहानच, म्हणून लूप थांबेना. i वाढत वाढत थेट n पर्यंत गेला, n ला n नं भाग गेला आणि प्रोग्रॅमनं विभाजक सापडला म्हणून जाहीर केलं. i <= n / i असं लिहिलं की झालं. पोरानं तेवढं बदललं, बटण दाबलं, आणि मी 'आता बघ' म्हणायच्या आत 'मूळ' आलं होतं.