जॉन कॉस्टेलो यांच्या कारकिर्दीवर अभ्यासटिपण कसे लिहावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे विधी शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वकिलीतून सरकारच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या व्यक्तीवर टिपण लिहायचे असेल, तर आयर्लंडचे जॉन कॉस्टेलो हा उत्तम विषय आहे. प्रारंभी पदाचे स्वरूप स्पष्ट करावे. खान्देशात वकील राजकारणी म्हटले की जळगावात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील आठवतात. परंतु त्या राष्ट्रप्रमुख होत्या, तर कॉस्टेलो पंतप्रधान, आणि आयर्लंडमध्येही ही दोन्ही पदे वेगळी आहेत.

पूर्वायुष्य चार ओळींत आटोपावे. १८९१ साली डब्लिनमध्ये जन्म, १९१४ पासून बॅरिस्टर, १९२६ ते १९३२ महान्यायवादी आणि १९३३ मध्ये संसदेत प्रवेश, एवढे पुरते. मात्र महान्यायवादी या नात्याने ते ब्रिटन व त्याच्या स्वशासित वसाहतींच्या ज्या साम्राज्य परिषदांत सहभागी झाले, त्यांतूनच त्या वसाहतींना कायदे करण्याचे स्वातंत्र्य देणारा १९३१ चा वेस्टमिन्स्टर कायदा आकारास आला, हे अवश्य नोंदवावे. पुढचा धागा तेथूनच निघतो.

खरा भर १९४८ वर द्यावा. फियाना फॉल पक्षाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या सोळा वर्षांच्या सत्तेनंतर पाच पक्ष व काही अपक्ष एकत्र आले. त्यांतील कॉस्टेलो यांच्या फिनेगेल पक्षाचे नेते रिचर्ड मल्काही होते. पण १९२२-२३ च्या आयरिश यादवी युद्धातील त्यांच्या लष्करी भूमिकेमुळे आघाडीतील शॉन मॅकब्राइड यांच्या पक्षाला ते पंतप्रधान म्हणून नको होते. म्हणून पक्षाचे नेते नसलेले कॉस्टेलो पुढे आले. सरपंचपदाच्या वेळी सर्व गटांना चालणारे नाव कसे निघते, हे पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

त्यानंतर प्रजासत्ताकाचा प्रश्न घ्यावा. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅनडात त्यांनी परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिश राजाचे स्थान राखणारा १९३६ चा परराष्ट्र संबंध कायदा रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. ती घोषणा आधी कितपत ठरलेली होती याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. ते दडवू नयेत. १८ एप्रिल १९४९ रोजी प्रजासत्ताकाचा कायदा अमलात येऊन आयर्लंड राष्ट्रकुलाबाहेर पडला आणि त्याच महिन्यात लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट मोकळी झाली. भारतीय वाचकासाठी ही तुलना टिपणाचा गाभा ठरू शकते.

उणी बाजूही मांडावी. माता व बालकांसाठीच्या मोफत आरोग्य योजनेला कॅथलिक धर्माध्यक्षांनी विरोध करताच कॉस्टेलो यांनी आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांची पाठराखण केली नाही, आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राउन यांनी राजीनामा दिला. येथे नुसत्या गौरवाने टिपण लंगडे पडते.

सत्ता गेल्यावर ते पुन्हा न्यायालयात उभे राहिले. १९५४ च्या प्रारंभी कवी पॅट्रिक कॅव्हाना यांनी एका नियतकालिकावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी नियतकालिकाच्या बाजूने घेतलेली कवीची प्रदीर्घ उलटतपासणी गाजली, आणि त्याच वर्षी ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. हा खटला परिशिष्टात न टाकता दोन कार्यकाळांच्या मधोमधच ठेवावा.