झेन्फगुर्कन घालायच्या आदल्या दिवशी

मोहरी म्हणजे फोडणी, हे आधी डोक्यातून काढून टाका. जर्मनीत उन्हाळा सरताना बाजारात जाडजूड, पिवळट पडलेल्या काकड्या येतात. त्यांच्या झेन्फगुर्कनमध्ये, म्हणजे मोहरी घातलेल्या काकडीच्या जर्मन लोणच्यात, मोहरी तडतडत नाही, व्हिनेगरमध्ये फुगते आणि फोडीबरोबर अख्खीच दाताखाली येते. जर्मनीतल्या श्प्रेवाल्ड भागातल्या काकडीला १९९९ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, पण ती भानगड आपल्याला नको. जून झालेली कुठलीही काकडी चालते.

दोन किलो काकडी आदल्या संध्याकाळीच घरात हवी. सोला, उभी चिरा, चमच्याने बिया खरवडून काढा, बोटभर जाडीच्या फोडी करा. तीन मोठे चमचे मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वाडगाभर पाणी सुटलेलं असतं. ते निथळून फोडी कापडावर कोरड्या करा. इथे आळस केलात तर बरणीतला व्हिनेगरचा रस पाणचट होतो.

मोहरी घ्यायची ती पांढरी. नाव पांढरी, रंग फिकट पिवळा, दाणा आपल्या मोहरीपेक्षा ठसठशीत. इथल्या दुकानात झेन्फकॉर्नर म्हणून जी पुडी मिळते ती बहुतेक हीच. भारतीय दुकानातली पिवळी मोहरी बहुधा सरसों असते, तिचं झाडच वेगळं. तीन मोठे चमचे मोजा, ताटात पसरून खडे-काड्या निवडा आणि कोरडीच ठेवा. मी एकदा हौसेने भिजवली, तर दाण्यांना सब्जासारखा बुळबुळीत लेप आला आणि निम्मी वाटीलाच चिकटून बसली. तो लेप बरणीत सुटायला हवा, रसाला किंचित दाटपणा त्यानेच येतो. नाकात चढणारा झणका मात्र शोधू नका. पांढरीचा तिखटपणा मुळात जिभेवरच राहतो, आणि उकळत्या रसात पडल्यावर तो तयार करणारं एन्झाइमही निकामी होतं. कायरसाला मोहरी फेसताना आपण नेमकं उलटं करतो: कच्ची मोहरी गार पाण्याने घोटतो. इथे खमंग, किंचित कडसर चव पुरे.

व्हिनेगरची बाटली नीट वाचा. साधं व्हिनेगर पाच टक्क्यांचं असेल तर अर्धा लिटर घ्या, त्यात पाव लिटर पाणी आणि पाव किलो साखर; हाच आपला रस. एसिगएसेन्झ नावाचं मिळतं ते २५ टक्क्यांचं असतं; एक भाग त्याचं आणि चार भाग पाणी केलं की मगच ते साध्याच्या जागी वापरता येतं. मी पहिल्या वर्षी तसंच ओतलं आणि खोकत खोकत खिडक्या उघडल्या. पातेलं स्टीलचं घ्या; अ‍ॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं नको.

दोन कांदे, शेपूचे फुललेले तुरे, थोडी मिरी, दोन तमालपत्रं हाताशी असू द्या. तमालपत्र इथलं, आपल्या मसाल्यातल्या पानाचा वास वेगळा. बरण्या आणि झाकणं उकळून पालथी घाला. भरताना त्या गरम हव्यात, नाहीतर तडकतील. फोडी उकळत्या रसात दोन-चार मिनिटंच, कडा काचेसारख्या दिसू लागेपर्यंत. मग सगळं बरण्यांत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा.

झाकणावर तारीख घाला आणि दोन आठवडे हात लावू नका. फोडी संपल्यावर तळाशी फुगलेली मोहरी उरते, ती उकडलेल्या बटाट्यांवर घालायची.