जुन्या दवाखान्यात नव्याने बसताना

पेठेतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दवाखान्यात पस्तीस-चाळीस वर्षं एकच डॉक्टर बसलेले असतात. आता त्यांची सत्तरी आली आहे. मुलं दुसऱ्या शाखेत किंवा परदेशात आहेत, आणि ते एखाद्या तरुण डॉक्टरला विचारतात, "येतोस का माझ्याबरोबर?" इंटर्नशिप किंवा फॅमिली मेडिसिनचा डीएनबी (एमबीबीएसनंतरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) संपवून तुम्ही असा दवाखाना हाती घेत असाल तर हे लिखाण तुमच्यासाठी आहे.

तिथे तुमच्याकडे माणसं येतात, आणि ती डॉक्टरांबरोबरच म्हातारी झालेली असतात. १९८५ साली चाळिशीत पहिल्यांदा आलेल्या बाई आज ऐंशीच्या आहेत. त्यामुळे ओपीडीत सर्दी-तापापेक्षा बीपी, साखर, गुडघे, पडणं आणि विसरणं जास्त. आल्याआल्या सगळं बदलायचा मोह होतो. बदलायचा क्रम मात्र एकच ठेवा: धोक्याचं असेल ते याच आठवड्यात बदला, नुसतं जुनं असेल ते राहू द्या. बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनाने बरं वाटतं म्हणणाऱ्या आजोबांशी पहिल्या महिन्यात वाद घालू नका. त्याच आजोबांना किडनी कमजोर असताना दर पंधरवड्याला डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखणं थांबवणारी, सुई मिळत असेल, तर ती आजपासून बंद.

हस्तांतराला निदान दीड वर्ष द्या. पहिले तीन महिने सरांच्या, म्हणजे जुन्या डॉक्टरांच्या, शेजारची खुर्ची. पुढचं वर्षभर सकाळी ते आणि संध्याकाळी तुम्ही. शेवटचे काही महिने त्यांनी आठवड्यातून दोनच दिवस यायचं. पंधरा दिवसांत किल्ल्या हातात घेतल्या तर रुग्ण पांगतात, कारण लोकांच्या लेखी हातगुण सरांचा असतो, खोलीचा नसतो. सरांनी स्वतः "आता हे तुम्हाला बघतील, मी इथेच आहे" असं म्हणून रुग्णाला तुमच्या टेबलाकडे वळवलं, तर मात्र निम्मं काम तिथेच होतं.

त्या पहिल्या तीन महिन्यांत ओपीडी संपल्यावर रोज वीस मिनिटं वही घेऊन बसा. जुन्या केसपेपरवर बहुतेक वेळा तारीख आणि 'सीएसटी', म्हणजे 'तेच चालू', एवढंच असतं. बाकी सगळं सरांच्या डोक्यात. पेनिसिलिनने अंगावर पित्त कोणाच्या उठलं होतं, गोळ्या कोणाच्या सूनबाई देतात, वाचता कोणाला येत नाही पण ते कबूल करत नाही, दारू कोण लपवतं. पासष्टीपुढचे आणि पाचपेक्षा जास्त औषधं घेणारे रुग्ण आधी घ्या. रोज चार कार्डं झाली तरी तीन महिन्यांत तीनशेच्या आसपास माणसं कागदावर येतात. नियमाने नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. पण ही वही नियमासाठी नाही, ती रात्री अकराला येणाऱ्या फोनसाठी आहे.

दुसरं काम पिशवीचं. प्रत्येक वृद्ध रुग्णाला सांगा, "पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा." नुसती चिठ्ठी चालणार नाही, पिशवीच हवी. टेबलावर ओतली की एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या पट्ट्या निघतात, शेजाऱ्याने दिलेल्या गुडघ्याच्या गोळ्या निघतात, आणि नाव नसलेल्या पुड्या निघतात. "सकाळी पांढरी, रात्री गुलाबी" ही सूचना दुकानदाराने ब्रँड बदलला त्या दिवशी निरुपयोगी होते, कारण आता दोन्ही पांढऱ्या असतात. दवाखान्यातून पुडी देत असाल तर तिच्यावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ ठळक मराठीत लिहा.

पिशवीत काय शोधायचं? सगळ्यात आधी ग्लिबेनक्लामाइड. ही साखरेची जुनी, स्वस्त गोळी अनेकांना वीस वर्षं चालू असते. तिचा परिणाम लांबतो आणि किडनी मंदावली की आणखी लांबतो. इथे क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तातून किडनीचं काम दाखवणारा, आकडा फसवतो. ऐंशी वर्षांच्या, पन्नास किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.२ आलं की लॅबच्या कागदावर ते जेमतेम नॉर्मलच्या काठावर दिसतं. किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावून पाहा: १४० वजा वय ८० म्हणजे ६०, गुणिले वजन ५०, भागिले (७२ गुणिले १.२), आणि बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ३० मिली. म्हणजे किडनी बरीच मागे पडली आहे. अशा आजींनी एकादशीला सकाळी गोळी घेतली आणि साबुदाण्याची खिचडी संध्याकाळवर गेली, की चारच्या सुमारास घाम, चिडचिड, बरळणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला, किंवा अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर असतील तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची. शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन. साखर वर आली म्हणून घरी सोडू नका. या गोळीने साखर पुन्हा उतरते, त्यामुळे निदान २४ तास नजरेखाली ठेवावं लागतं. अशा वयात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सातच्या खाली ओढण्याचा हट्ट नको. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला आठच्या आसपास चालतं.

नंतर स्टेरॉइड. 'दम्याची' किंवा 'सांध्याची' म्हणून तीन आठवड्यांहून जास्त चाललेली प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन एकदम तोडली तर रुग्ण कोसळू शकतो, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अल्प्राझोलामचं तसंच. 'झोपेची पाव गोळी' पंधरा वर्षं घेणाऱ्याची ती एका दिवसात बंद केली तर झोप जाते, हात थरथरतात, कधी फिटही येते. दोन आठवड्यांत पाव हिश्श्यापेक्षा जास्त कमी करायची नाही. बऱ्याच वृद्धांना त्याहून हळू जावं लागतं. शिवाय बीपीची एसीई इन्हिबिटर, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी हे त्रिकूट एका पिशवीत दिसलं तर दुखण्याची गोळी आधी काढा. उन्हाळ्यात किंवा जुलाब झाल्यावर या तिघी मिळून किडनी बंद पाडतात.

गोळी बदलताना "आधीचं औषध चुकीचं होतं" असं कधीही म्हणू नका. "तुमचं वय वाढलं, किडनी थकली, म्हणून गोळी बदलतोय" असं सांगा. तेच खरंही आहे. बदल सरांच्या अक्षरात केसपेपरवर आला तर उत्तम. रुग्ण ते अक्षर ओळखतात.

बीपीचं वेगळं लिहितो. जुनी कार्डं चाळलीत तर बहुतेक आकडे शून्यावर संपलेले दिसतील: १४०/९०, १३०/८०. पारा जवळच्या दहावर वाचायची ही सवय आहे. कान मंदावले असतील तर पहिला ठोका उशिरा सापडतो आणि वरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी भरतो. प्रमाणित डिजिटल यंत्र घ्या आणि पट्टे दोन ठेवा: २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाला मध्यम, ३२ ते ४२ ला मोठा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. रुग्णाला पाच मिनिटं बसवून मोजा. पासष्टीपुढच्यांचं उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर 'चक्कर येते' या तक्रारीचं उत्तर हाती लागलं. प्रॉस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठीची प्राझोसिन बरेचदा मुळाशी असते.

सरांच्या वयाचं काय? या विषयावर दवाखान्यात कोणीच बोलत नाही, आणि ते बोलायलाच हवं. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास छापून आला. चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांच्या वृद्ध रुग्णांत ३० दिवसांतला मृत्युदर १०.८ टक्के होता, साठी किंवा त्यापुढच्या डॉक्टरांच्या रुग्णांत १२.१ टक्के. पण जे भरपूर रुग्ण पाहत होते, त्यांच्यात वयाचा हा फरक दिसला नाही. अभ्यास रुग्णालयांचा आहे, दवाखान्यांचा नाही. तरी माझ्या मते त्यातून घ्यायचं ते हे की ज्येष्ठांचं काम एकदम बंद करू नये, त्याचे प्रकार कमी करावेत. आधी रात्रीच्या व्हिजिट आणि टाके सोडावेत, मग लहान मुलांचे डोस, जिथे ड्रॉपरवरची बारीक रेघ वाचावी लागते. जुन्या रुग्णांशी बोलणं, आजाराचा अंदाज, कोणाला कुठे पाठवायचं हा निर्णय, हे त्यांच्याकडे सगळ्यात शेवटपर्यंत राहू द्या. त्यात ते तुमच्या पुढे असतात. साठीनंतर दरवर्षी डोळे आणि कान तपासून घेणं हा दवाखान्याचा नियमच करा आणि त्यात स्वतःचं नावही घाला. म्हणजे "सर, आपण दोघांनी करून घेऊ" असं सहज म्हणता येतं.

कंपाउंडर काका तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे आणि दवाखान्यात तुमच्याहून कितीतरी ज्येष्ठ असतात. त्यांना 'अहो'च म्हणायचं. कोण कोणाचं नातेवाईक आणि कोणाची उधारी मागायची नाही, हे त्यांच्याकडूनच कळतं. एका बाबतीत मात्र ठाम राहा. डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतात, कायद्याने तेवढीच सूट आहे. तुम्ही नसताना "काका, नेहमीच्या गोळ्या द्या" म्हणणाऱ्याला पुडी द्यायची नाही. हे त्यांना सर्वांसमोर सांगू नका. दवाखाना बंद झाल्यावर, सरांच्या उपस्थितीत सांगा.

सगळ्यात अवघड प्रसंग मृत्यूच्या दाखल्याचा असतो. घरी वारलेल्या आजोबांचे नातेवाईक पहाटे येतात, स्मशानात कागद मागतात म्हणून. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ असतो. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने तो विनाशुल्क द्यायचा असतो. तुम्ही त्या आजोबांना कधी पाहिलंच नसेल, तर सरांच्या ओळखीवर सही करू नका. सर उपचार करत असतील तर सरांनी येऊन पाहून सही करावी. कारणाच्या रकान्यात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहू नका. ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. मूळ आजार लिहा. अंगावर खूण, पडल्याचा इतिहास किंवा काही शंका असेल तर पोलिसांना कळवायचं. नातेवाईकांचा राग येतो, तो सोसावा लागतो. थकलेल्या रुग्णांच्या घरी महिन्यातून एकदा जाऊन नोंद ठेवली असेल, तर ही वेळ बहुतेक टळते.

कागदपत्रं थोडक्यात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी चालू वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट लागतात. सरांचीही तारीख बघा. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागते, ती कोणाच्या नावावर आहे ते तपासा. जागा पागडीची असेल तर भाडेहक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही, वकिलाला आधी विचारा. सरांनी इन्डेम्निटी पॉलिसी (उपचारावरून येणाऱ्या दाव्यांचा विमा) निवृत्तीबरोबर बंद करू नये. दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते, आणि दावा उपचारानंतर दोन वर्षांनीही येऊ शकतो. दवाखाना तुम्ही चालवायला घेतला, ही साधी सूचना वर्तमानपत्रात द्यायला नियमात परवानगी आहे. ती सरांच्या नावासह द्या.

आणि फोन. गावातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये 'डॉक्टर' म्हणून सरांचाच खासगी नंबर असतो. दवाखान्यासाठी नवं सिम घ्या, तो नंबर प्रत्येक केसपेपरवर आणि पुडीवर छापा. सरांनी रात्री नऊनंतर आपला फोन त्या नंबरवर वळवावा. पहिले काही महिने पलीकडून विचारतील, "सर नाहीत का?" तेव्हा वही जवळ असू द्या, नाव विचारा, कार्ड काढा आणि म्हणा, "आजी, तुमची संध्याकाळची साखरेची गोळी झाली का?"