शब्दकोड्यात अडलेला दोन अक्षरी शब्द कसा शोधावा

शब्दकोड्यात लांबलचक शब्द फारसे अडवत नाहीत. घोडे अडते ते दोन घरांपाशी. संकेत साधाच असतो, ‘भुंगा’, ‘हत्ती’ किंवा ‘पर्वत’. उत्तर मात्र रोजच्या बोलण्यात कधीच न येणारे.

आधी घरे नीट मोजा. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. ‘स्त्री’ला एकच घर पुरते, ‘द्विज’ला दोन लागतात, ‘अंबर’ला तीन. इंग्रजी कोड्यांची सवय असलेले इथेच चुकतात.

मग संकेताचे रूप पाहा. संकेत ‘णे’ने संपत असेल, तर शेवटच्या घरात पेन्सिलीने हलकेच ‘णे’ लिहून ठेवा, बहुधा ते टिकते. एका उत्तरासाठी दोन-तीन अर्थ दिले असतील तर काम सोपे झाले. ‘हात, सारा, किरण’ म्हणजे कर. ‘सूर्य, ताक घुसळायचे साधन’ म्हणजे रवी. ‘पक्षी, दात, ब्राह्मण’ म्हणजे द्विज, कारण तिघांचाही जन्म दोनदा होतो असे मानले आहे.

यानंतरची युक्ती सर्वांत मोलाची: शब्द फोडून पाहा. संस्कृतातून आलेल्या छोट्या शब्दांचे शेवटचे अक्षर बरेचदा काहीतरी सांगत असते. ‘ग’ म्हणजे जाणारा. ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणून खग हा पक्षी. जागचा न हलणारा तो नग, म्हणजे पर्वत. ‘प’ म्हणजे पिणारा किंवा पाळणारा: पायाने, म्हणजे मुळांनी पाणी पिणारा पादप हे झाड, तर माणसांचे पालन करणारा नृप हा राजा. पाण्याच्या शब्दांत तर हे कोष्टकासारखे चालते. जल, अंबु, वारि यांपैकी कशालाही ‘ज’ लावा, कमळ होते. ‘द’ लावा, ढग होतो. ‘धी’ लावा, समुद्र. तीन शब्द आणि तीन अक्षरे लक्षात ठेवली की नऊ उत्तरे हाताशी येतात.

तरीही दोन उत्तरे शिल्लक राहिली, तर उभ्या शब्दांकडे वळा. समजा, आडवा संकेत ‘भुंगा’ आहे आणि घरे दोन. अली बसतो, भृंगही बसतो. दुसऱ्या घरातून खाली तीन घरांचा शब्द सुरू होतो, संकेत ‘आकाश’. ‘ली’ने सुरू होणारे आकाशाचे नाव नाही, ‘ग’ने मात्र ‘गगन’ आहे. म्हणजे भुंगा तो भृंग. असा छेद सापडेपर्यंत पेनाने काही लिहू नका. एक चुकीचे अक्षर आजूबाजूचे चार शब्द बिघडवते.

ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ वेगळा समजून घ्यावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनुसार तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: अली, रिपू, कपी. त्यामुळे आडव्या ‘गिरी’तली ‘री’ उभ्या ‘रिपू’च्या ‘रि’शी जुळत नाही. अनेक कोडेकार हे चालवून घेतात, तेव्हा एवढ्यावरून बरोबर उत्तर खोडू नका. पण अर्थच बदलत असेल तिथे सूट घेऊ नका. द्विप म्हणजे हत्ती (सोंडेने आणि तोंडाने, असे दोनदा पिणारा), द्वीप म्हणजे बेट. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा किंवा सारथी.

कोश उघडतानाही हेच ध्यानात ठेवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हे शब्द जुन्या लेखनानुसार ऱ्हस्वान्त आहेत. तिथे ‘अली’ नव्हे, ‘अलि’ शोधा. अर्थ ठाऊक आणि शब्द हवा असेल, तर अमरकोश हा जुना संस्कृत कोश जास्त उपयोगी, कारण त्यात एका अर्थाचे शब्द एकत्र दिलेले आहेत. पाण्याचे वारिवर्गात, डोंगराचे शैलवर्गात, प्राण्यापाखरांचे सिंहादिवर्गात.

काही शब्द मात्र फोडून हाती लागत नाहीत. इभ (हत्ती), अही (साप), पिक (कोकिळ), वृक (लांडगा), नक्र (मगर) हे सरळ पाठच करावेत. आणि संस्कृतात काहीच बसेना, तर शेतात आणि माजघरात शोधा: विहिरीतून पाणी काढायची मोट, बैलांच्या मानेवरचे जू, पावसात डोक्यावरून घ्यायचे इरले.