नाक बोयाला लावायला शिकवताना

घोड्यांचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं हल्ली मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं. मी शिकले अलिबागजवळ, किनाऱ्यावर घोडागाडी चालवणाऱ्या एका काकांच्या पागेत. पहिले तीन महिने लीद उचलणं, पाणी भरणं आणि खरारा. ते महिने टाळू नका. घोडीचं अंग कुठे आक्रसतं ते खरारा करतानाच हाताला कळतं.

माझ्या वाट्याला आलेली तांबडी घोडी गाडीला उत्तम, पण मागचे पाय उचलू द्यायची नाही. नालबंद आले की दोघांनी म्होरकी धरायची, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा. ती घामाने निथळायची. मला बघवेना. काकांना विचारलं, बक्षीस देऊन शिकवून बघू का? ते म्हणाले, "बघ पोरी, पण तिला खायची चटक लावू नकोस. चावरी झाली तर गिऱ्हाईक जवळ येणार नाही."

या पद्धतीत काठीच्या टोकाला काहीतरी बांधतात आणि घोड्याने त्याला नाक लावायचं असतं. त्याला टार्गेट म्हणतात. मी बंदरावरून जाळ्याचा जुना पिवळा बोया आणून बांबूला बांधला. पिवळा मुद्दाम, कारण घोड्याला निळा-पिवळा नीट वेगळा कळतो, लाल-हिरव्यात गफलत होते. कपाळासमोर अगदी जवळचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही, म्हणून बोया जरा बाजूला धरायचा. नाक लागलं की त्याच क्षणी क्लिकर, म्हणजे दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी, वाजवायचा, मग गाजर. गाड्यांवर जिभेने टक-टक केलं की घोडा चालू लागतो, म्हणून तोंडाने आवाज काढायच्या भानगडीत मी पडले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात असा आवाज वापरायला सुरुवात केली. पुढे कॅरन प्रायर यांनी शिट्टीवर डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही, त्याला नको असेल तर तो पोहत निघून जातो. ही गोष्ट मी कायम डोक्यात ठेवली.

तरी काकांची भीती दोन आठवड्यांत खरी झाली. घोडी बोयाला नाक लावायची आणि लगेच माझ्या कमरेच्या पिशवीकडे वळायची. माझा क्लिक उशिरा, नेमका ती वळल्यावर वाजायचा. म्हणजे बक्षीस मिळत होतं ते पिशवी हुंगण्याला. एक दिवस तिने दंडाला दात लावले. चूक सर्वस्वी माझी होती.

आठवडाभर बोया बाजूला ठेवला. मधे आडवा बांबू, पलीकडे ती, अलीकडे मी. तोंड स्वतःहून सरळ समोर ठेवलं की क्लिक, आणि गाजर हात लांब करून तिच्या तोंडापाशी, माझ्या अंगाजवळ कधीच नाही. नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी, बोया नंतर. गाजराच्या चकत्या करू नका, घशात अडकतात. उभे लांब काप करा. आणि उपाशी घोड्याला शिकवायला घेऊ नका. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं राहिलं तर आत जखमा होतात. शिवाय भुकेला घोडा हिसकावतो. आधी गवत, मग पाच मिनिटं काम, तेवढंच.

ओली घट्ट वाळू यासाठी फार चांगली. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला येते, गर्दीही नसते.

पायाचं काम मात्र सावकाश झालं. नाक बोयाला, माझा हात तिच्या पुठ्ठ्यावर, क्लिक. मग मांडीवर, गुडघ्याखाली, खुरापाशी. तिने नाक काढलं की मी हात काढायचे. ते तिचं 'नको' होतं, आणि एरवी लाथेपर्यंत थांबून आपल्याला जे कळतं ते इथे आधीच कळत होतं. कान मागे चिकटले, शेपटी झटकली, तर आणखी एक पायरी मागे. खूर हातात यायला सात आठवडे लागले.

शहरांतल्या रायडिंग क्लबात किंवा रेसच्या तबेल्यात काम धराल तर एवढा वेळ कोणी देणार नाही. लगाम-दोरीची नेहमीची पद्धतही नीट शिकाच. बोयाचं काम खराऱ्याच्या वेळात बसवता येतं, मी तसंच केलं.

पुढच्या वेळी नालबंद आले तेव्हा बोया काकांनी धरला. मागच्या डाव्या पायाला तिसरा खिळा ठोकताना तिने नाक काढलं. नालबंद स्वतःच थांबले, पाय खाली ठेवला. तिने मान झटकली, आणि नाक पुन्हा बोयाला लावलं.